कादालिनोचं हरवलेलं डुक्कर

कादालिनोचं डुक्कर तीन वर्षांपूर्वी हरवलं, असं तो सांगतो. खरं तर ते हरवलं-बिरवलं काही नाही. त्याच्या चुलतसासऱ्याच्या मयताला ते तापल्या दगडांवर भाजून साऱ्या वस्तीने खाल्लं, आणि वाटे पाडायला सुरी घेऊन खुद्द कादालिनोच बसला होता. तरीही आठवड्यातून दोनतीनदा तो पहाटे उठतो, कोयता कमरेला खोचतो आणि कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो, "डुक्कर शोधून येतो."

त्याची बायको आदेलिना चुलीतली राख सारखी करत म्हणते, "सापडलं तर माझा नमस्कार सांगा."

आमच्या पोनपेई बेटावर अशी हरवलेली डुकरं घरोघरी आहेत. कोणाचं डुक्कर हरवतं, कोणाला डोंगरातला औषधी पाला हवा असतो, कोणाची आई मेल्याला वीस वर्षं झाली तरी तो तिच्या काढ्यासाठी मुळ्या आणायला निघतो. माणूस आपल्या कोनफळाकडे चालला आहे हे सगळ्यांना कळतं, आणि सगळे मान डोलावून त्याला वाट देतात. कोनफळ कुठे लावलंय हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. दुसऱ्याच्या वेलाकडे टक लावून पाहणं म्हणजे त्याच्या घरात शिरून त्याच्या ताटातलं उचलून खाणं. वाटेत एखाद्याचा वेल आलाच, तर शहाणा माणूस मान वर करून आभाळ बघतो. आमच्या डोंगरात बारा महिने ढग असतात, आभाळात बघण्यासारखं काही नसतं, पण आमच्याइतकं आभाळ बघणारी माणसं जगात दुसरीकडे मिळायची नाहीत.

कादालिनो तसा पोटात काही न ठेवणारा माणूस. आपली मूळव्याध, बायकोचं घोरणं, मुलाने ग्वामहून पाठवलेले बूट पायाला लागतात, सगळं तो रस्त्यात थांबून सांगतो. मासे धरायला जातो तेव्हा मासे कुठे होते तेही सांगून येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मिळत नाहीत. साठी जवळ आली तरी जिभेला हाड नाही. त्याच्या आयुष्यात गुपित असं एकच होतं, आणि ते डोंगराच्या मावळतीच्या सोंडेवर, जुनी दरड कोसळली होती त्या जागी, काळ्या भुसभुशीत मातीत वाढत होतं.

हे कोनफळ त्याने कशासाठी लावलं तेही सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येकाला पदवी असते, आणि पदवीप्रमाणे बसायची जागा, मेजवानीत वाट्यासाठी येणारी हाक आणि सकाऊ या पेयाची करवंटी. सकाऊची मुळं दगडावर कुटून रानभेंडीच्या सालीत पिळतात. पहिल्या करवंट्या दाट, जीभ बधिर करणाऱ्या. त्या वस्तीच्या प्रमुखाला, म्हणजे सौमासांना, आणि त्यांच्या जवळ बसणाऱ्यांना. मग पुन्हा पाणी, पुन्हा पिळणं. कादालिनोपर्यंत करवंटी येईतो आत उरतं ते सकाऊचं नाव ऐकलेलं ओढ्याचं पाणी. आणि नवऱ्याची जी पदवी, तिच्याच जोडीची बायकोला. आदेलिनाचे वडील सौमासांच्या डाव्या हाताला बसायचे. माहेरी ती दाट करवंटी बघत मोठी झाली. लग्नानंतर तिने कधी तक्रार केली नाही. फक्त एकदा, पुतणीच्या लग्नात, तिने हातातल्या करवंटीत वाकून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ गं, तळ दिसतोय." शेजारीण हसली. कादालिनोला मात्र ते वाक्य असं लागलं की काट्यासारखं आत राहून गेलं.

वर चढायची वाट आमच्याकडे एकच. मेजवानीला सौमासांपुढे असं कोनफळ आणायचं की ते उचलायला माणसं कमी पडावीत. त्या वर्षी एक म्हातारा वारल्यामुळे वरची एक जागा रिकामी झाली होती. ती कादालिनोला मिळते की त्याच्या मेव्हण्याला, दामियानला, एवढाच प्रश्न होता. दामियान आदेलिनाचा धाकटा भाऊ. अबोल, नेमस्त, आणि कोनफळाच्या बाबतीत भलताच धोकादायक. जागा भरायच्या आत आता हा एकच हंगाम उरला होता.

नेमक्या त्याच वेळी रोसेलिना आली.

रोसेलिना बेटाच्या पलीकडल्या अंगाची, बाहेर शिकून आलेली, वनखात्यात नोकरीला. गेल्या वर्षी ओढे लाल होऊन वाहिले, नळाला चिखल आला, म्हणून सौमासांनीच तिला बोलावलं होतं. सभेच्या छपराखाली ती सगळ्यांसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वरच्या रानाबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे. ढगातलं पाणी झाडं किती उतरवून घेतात? सकाऊ लावायला उतार मोकळा केला की माती कुठवर जाते? दरड पडली तिथे रान परत यायला किती वर्षं लागतात? मोठ्या देशांतल्या रानांचं मोजून झालंय. आपल्यासारख्या बेटावरच्या डोंगरमाथ्याचं कोणी मोजलेलं नाही. शोधायचं ढीगभर आहे, माणसं मूठभर आहेत. म्हणून तुम्हीच सांगा, आधी काय शोधायचं आणि कुठे?"

"माझी सून माझ्याशी का बोलत नाही ते आधी शोध," मागून एक म्हातारा म्हणाला.

"ते सगळ्यांना माहीत आहे आजोबा, त्यात शोध कसला!" रोसेलिना म्हणाली, आणि तिथेच तिने वस्ती जिंकली.

मग तिने खरी गोष्ट सांगितली. जिथे अभ्यास करायचा तिथे खुंट्या ठोकून चौकोन आखायचा. त्या चौकोनात दहा वर्षं कोयता चालवायचा नाही आणि काहीही खणायचं नाही.

बसल्या बसल्या प्रत्येक पुरुष मनातल्या मनात डोंगर चढून आपापल्या वेलाला हात लावून आला. मग कादालिनो उठला. सभेत उठून तो आजवर फक्त बुटांबद्दल बोलला होता.

"उगवतीची सोंड घ्या," तो म्हणाला. "तिथलं शेवाळ पाहिलंय का कोणी? झाडाला शेवाळ की शेवाळाला झाड तेच कळत नाही. हात लावला तर मनगटावरून पाणी वाहतं. हे पाणी येतं कुठून? पावसाचं म्हणावं तर पाऊस नसतानाही येतं. ढग पितं ते शेवाळ! किती पितं? कोणाला ठाऊक? मला तर या विचाराने झोप येत नाही."

"ह्यांना?" बायकांच्या बाजूने आदेलिना पुटपुटली. "अंगावर छप्पर पडलं तरी उठायचे नाहीत."

रोसेलिनाचे डोळे चमकले. "काका, हाच तर प्रश्न आहे! आमच्या कामात पहिल्या ओळीचा!"

कादालिनोला चेव चढला. त्याने शेवाळात राहणाऱ्या गोगलगायी काढल्या, भलत्या वेळी ओरडणारे पक्षी काढले, उगवतीच्या सोंडेवरच्या मातीला वेगळा वास येतो असंही ठोकून दिलं. ही सगळी जुळवाजुळव मावळतीच्या सोंडेपासून पोरीला लांब ठेवण्यासाठी आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण बोलणार कोण? वर आभाळ नव्हतं, म्हणून लोक छपराच्या झावळ्या बघत बसले.

आणि मग, जन्मात सभेत तोंड न उघडलेला दामियान उठला.

"दाजींचं बरोबर आहे," तो हळू म्हणाला. "शेवाळ चांगलं आहे. पण शेवाळ कुठे पळून जात नाही. मावळतीच्या सोंडेवर दरड पडली होती. आज तिथे काय उगवलंय, कसं उगवलंय, हे बघायला नको? उद्या आपल्या घरांवर दरड आली तर? मला वाटतं उगवतीच्या सोंडेला सध्या हात लावू नये. मावळतीची घ्यावी."

ह्याला कळलं? कसं कळलं? की हा आपला स्वतःचं काहीतरी लपवतोय? तो पुन्हा उठला, दामियान पुन्हा उठला. एक शेवाळासाठी गहिवरला, दुसरा दरडीसाठी. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या तोंडावर हात धरून खुदखुदत होत्या. शेवटी सौमासांनी हात वर केला.

"दोघांचंही म्हणणं चांगलं आहे," ते म्हणाले. "दोन्ही सोंडा घ्या. आणि ज्याला ज्या सोंडेची एवढी काळजी आहे, त्यानेच पोरीला तिथे न्यावं." हे बोलून ते हसले की त्यांनी जांभई दिली, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

असा कादालिनो उगवतीच्या सोंडेचा जाणकार झाला. त्या सोंडेवर तो तरुणपणी एकदा गेला होता, तोही वाट चुकून.

आठवडाभराने तो रोसेलिनाला आणि तिच्या दोन मदतनिसांना घेऊन वर निघाला. वाटेत तो बोलत राहिला, कारण गप्प बसला असता तर वाट माहीत नाही हे उघड झालं असतं. वर पोचल्यावर शेवाळ मात्र खरोखरच निघालं. पाहून तो स्वतःच चकित झाला. हात लावला तर मनगटावरून पाणी वाहिलं. "बघ पोरी, म्हटलं नव्हतं मी?" तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला स्वतःचं खरं वाटायला लागलं.

मदतनिसांनी दोऱ्या ताणल्या, चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या, लाल फिती बांधल्या. मग एकेक झाड मोजून त्याला पत्र्याचा बिल्ला लावायचा. तिसऱ्या की चौथ्या झाडाला टेप गुंडाळायला कादालिनो वाकला, आणि वाकल्या जागीच थिजला.

झाडाच्या बुंध्यावरून मनगटाएवढा वेल वर चढला होता. पानं सुपासारखी. बुडाशी मातीचा उंचवटा, त्यावर नारळाच्या सोडणांची रचलेली नीट कड. अशी कड घालणारा माणूस वस्तीत एकच होता. दामियान. आणि उंचवटा एवढा होता की खालचं कोनफळ पाच माणसांच्या खाली नसणार. कादालिनोच्या स्वतःच्या उंचवट्याहून हा मोठा होता. हे सगळं त्याने एका नजरेत पाहिलं, आणि पाहिलं म्हणून त्याचे कान लाल झाले. त्याने झटकन मान वर केली.

शेजारी रोसेलिना उभी होती. तीही आभाळ बघत होती. शिकली असली तरी पोर आमच्याच बेटाची.

"ढग दाटून आलेत," ती म्हणाली.

"हो. बरेच," कादालिनो म्हणाला.

दोघे तसेच माना वर करून उभे राहिले. मदतनीस लांबून ओरडले, "त्या झाडावर वेल आहे का हो? वेलही मोजायचेत!"

"कसला वेल?" दोघे एकदम म्हणाले.

कादालिनोच्या मनात तेवढ्या वेळात काय काय झालं ते तोच जाणे. खुंट्या ठोकून झाल्या होत्या. तो गप्प बसला असता तर दामियानचं कोनफळ दहा वर्षं तिथेच अडकलं असतं. पदवी सरळ त्याची. आदेलिनाच्या करवंटीचा तळ दिसला नसता. कोणी त्याला दोष दिला नसता, कारण त्याने काही पाहिलंच नव्हतं. पण सोडणांची ती कड त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. कोणीतरी गुडघ्यावर बसून, एकेक सोडण हाताने दाबून, पावसात माती वाहू नये म्हणून ती घातली होती. कशासाठी आणि किती पहाटे, हे कादालिनोइतकं कोणाला कळणार?

"पोरी," तो आभाळाकडे बघतच म्हणाला, "त्या तिकडच्या अंगाला शेवाळ जास्त दाट नाही का?"

"खूपच दाट आहे काका. मी तेच म्हणणार होते."

"मग खुंट्या जरा तिकडे सरकवल्या तर अभ्यासाला बरं."

"फारच बरं," रोसेलिना म्हणाली. मदतनिसांनी कुरकुरत चौकोन उपटला आणि थोडा पलीकडे पुन्हा आखला.

दुसऱ्या दिवशी दामियान तिला घेऊन मावळतीच्या सोंडेवर गेला. तो दिवस कादालिनोने घरात येरझाऱ्या घालत काढला. आदेलिनाचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने नीरफणसात दोनदा मीठ घातलं आणि तीनदा विचारलं, "वर पोचले असतील का हो? खुंट्या कुठे ठोकत असतील?"

"तुला गं कशाला पंचाईत?" कादालिनो खेकसला.

"मला कशाला असेल? सहज," ती म्हणाली, आणि खारट नीरफणस त्याच्यापुढे सरकवला.

मंडळी परतल्याचं कळताच दुसऱ्या पहाटे तो डुक्कर शोधायला धावत सुटला. दरडीच्या जागी पोचला. चार लाल फिती वाऱ्यावर फडफडत होत्या. त्यांच्या बरोबर मधोमध त्याचा वेल होता, आणि वेलाच्या झाडाला चकचकीत बिल्ला.

रात्रीत येऊन खणून न्यायचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण सौमासांसमोर ह्या अभ्यासासाठी झोप उडाल्याचं त्यानेच सांगितलं होतं. आणि एवढा खड्डा कोणत्या डुकराने काढला असं सांगणार? तो तसाच उतरला. दामियानच्या घरावरून जाताना आत पाहिलंसुद्धा नाही. मी तुझं वाचवलं आणि तू माझं गाडलंस, एवढंच त्याच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कादालिनो गप्प झाला. वस्तीला वाटलं, हा आजारी आहे. शेजारणीने पेज आणून दिली.

दोन दिवस आदेलिनाने सोसलं. तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "दामियान आला होता. तुम्ही मागल्या दाराने निघून गेलात."

"त्याचं नाव काढू नकोस."

"तो म्हणत होता, दाजींना सांग, काळजी करू नका. मी काही पाहिलं नाही. पण मोठ्या नेच्याखाली काहीतरी डोळ्याच्या कोपऱ्यात आलं, म्हणून पोरीला म्हटलं, चौकोन जरा वर घे. वर नुसतं रान आहे, पुढची मोजणी मदतनिसांनीच केली, असं म्हणाला. आभाळ बघतच सांगत होता बिचारा. घरातसुद्धा."

कादालिनोचा घास हातात राहिला. "म्हणजे चौकोन आधी खाली होता? आणि माझं वाचवायला म्हणून त्याने वर सरकवला?"

"हो."

"अरे देवा! आणि बरोबर माझ्या..." त्याने कपाळावर हात मारला. मग दामियानचा तो सभ्य, आभाळाकडे वळलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याला इतकं हसू आलं की ठसका लागला. हसता हसता तो मध्येच थांबला. "पण थांब. नेच्याखाली माझं काही नाहीच. मग तिथे त्याने पाहिलं ते कोणाचं?"

आदेलिनाने त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

"आदेलिना, कोणाचं ते?"

"माझं," ती म्हणाली.

कादालिनोने घास ताटात परत ठेवला आणि डोळे विस्फारून तिच्याकडे पाहिलं.

"असे बघू नका. तुम्ही डुक्कर शोधायला जात होता, मी एकदा तुम्हाला शोधायला आले. तुम्ही लावताना कोनफळाच्या डोक्याचा एक तुकडा फेकून दिला होतात, किडका म्हणून. किडका नव्हता तो. तुम्हाला घाई असते. मी तो खाली नेच्याजवळ लावला. तुम्ही मासे धरायला गेलात की मी जायचे."

"बाईमाणसाने कोनफळ लावायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणार कसं? विचारायची तर सोय नाही," आदेलिना म्हणाली. मग जरा थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दर वर्षी तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी आपलं मोठं येईल. माझे गुडघे जायला लागलेत. म्हटलं, ते पुरते जायच्या आत एकदा दाट करवंटी प्यावी. दोन लावली तर एक तरी येईल."

कादालिनो रागावला. त्याने ताट बाजूला सारलं, अंगणात गेला, नारळाच्या बुंध्याला लाथ घातली, आणि पाय धरून परत आला. आपली इतक्या वर्षांची मेहनत चौकोनात अडकली, आणि जिंकलं तर बायकोच्या कोनफळाने जिंकायचं! त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेखाली आणखी काहीतरी वाटलं, ज्याला नाव द्यायला तो तयार नव्हता. बराच वेळ पाय चोळत बसून शेवटी त्याने विचारलं, "किती माणसांचं असेल?"

"मला काय कळतंय?" आदेलिना लाजून म्हणाली. "छोटंसंच आहे."

एवढं ऐकलं आणि कादालिनोला कळून चुकलं की कोनफळ प्रचंड असणार.

मेजवानीच्या दिवशी दामियानचं कोनफळ बांबूला बांधून सहा जणांनी आणलं. लोकांनी तिकडे फारसं पाहिलं नाही, म्हणजे भरपूर पाहिलं. मग कादालिनोचे भाचे आले. खांद्यावर बांबू घेतलेले सहाच होते, पण सातवा खालून पाठीने रेटत, वाकून पळत होता, आणि छपराखाली शिरताना तो चक्क आडवा झाला. कोनफळ सौमासांपुढे ठेवलं तेव्हा जमीन दणाणली.

"हे कोणी आणलं?" सौमासांनी रीतीप्रमाणे विचारलं.

आमच्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे. जेवढं कोनफळ मोठं, तेवढं ते नाकारायचं. कादालिनोने हे उत्तर आयुष्यभर मनात घोटून ठेवलं होतं. ते कसं खोटंखोटं लाजत म्हणायचं, मान कुठे वळवायची, सगळं. तो उठला. "कसलं काय, सौमास," तो म्हणाला. "असंच उगवलं. माझा काही हात नाही त्यात." आणि त्याचा आवाज मध्येच चिरकला, कारण इतक्या वर्षांच्या तयारीनंतर ते वाक्य खरं निघालं होतं. लोकांना त्याचा विनय फार आवडला. इतका छान विनय या छपराखाली बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, असं एक म्हातारा म्हणाला. बायकांच्या बाजूला आदेलिना झावळ्या बघत होती.

पदवी कादालिनोला मिळाली. दामियानचा चेहरा पाहण्यासारखा होता. आपणच ह्या कोनफळाला दहा वर्षांच्या कैदेतून सोडवलं, असं त्याला वाटत होतं, आणि हरूनही तो नव्या नवरदेवासारखा खुलला होता. कादालिनोजवळ येऊन तो एवढंच म्हणाला, "दाजी, आभाळ बरं आहे आज."

"उगवतीकडचं जास्त बरं आहे," कादालिनो म्हणाला. दामियानने चमकून पाहिलं, आणि मग कळलं तसा हळूहळू हसला.

नंतर सकाऊ पिळलं. नव्या पदवीने पहिल्यांदा कादालिनोला हाक गेली, आणि तिच्या जोडीच्या पदवीने आदेलिनाला. भरलेली करवंटी तिच्या हातात आली. तिने वाकून आत पाहिलं. तळ दिसत नव्हता. दोन्ही हातांनी धरून तिने ती संपवली, तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "कडू आहे गं." तिचे डोळे पाण्याने भरले होते, ते कडूपणाने असं तिने सांगितलं.

रोसेलिना दर काही महिन्यांनी येते. कादालिनोला तिने दोन्ही चौकोनांची राखण दिली आहे. दरडीच्या चौकोनातल्या एका वेलाची जात ठरत नाही, असं ती आभाळाकडे बघत सांगते. पडलेल्या मातीत, हात न लावता, दहा वर्षांत काय काय वाढतं, हे शोधायलाच हवं म्हणे. अशी माहिती कुठेच नाही. उंचवटा आता गुडघ्याच्या वर आला आहे. दहा वर्षं पुरी होतील तेव्हा ते उचलायला किती माणसं लागतील, याचा हिशेब करत कादालिनो खुंट्यांबाहेर बसून राहतो.

परवा पहाटेही तो निघाला. कोयता कमरेला खोचून म्हणाला, "डुक्कर शोधून येतो."

"थांबा जरा," आदेलिना झग्याचा काठ खोचत म्हणाली. "मीही येते. माझंही एक हरवलंय."

दोघे गुडघे सांभाळत, थांबत थांबत वर चढले. दरडीच्या खाली वाट फुटते तिथे ती न बोलता डावीकडे वळली, आणि कादालिनोने मान वर करून आभाळ बघितलं.